जगदंबा सुरुंग कंपनीचा मॅनेजर

पाटीवर आपल्या नावाखाली काय लिवू, हे तुम्ही मले इचारता? साऱ्या कळंबात दुसरा कोनी भेटला नाई तुमाले? बसा मंग. सांगतो. पन मधात बोलाचं नाई, अन् यातला एक शब्दबी माह्या घरापाशी काढाचा नाई. सुखीबाईच्या, म्हनजे माह्या बायकोच्या, कानावर हे गेलं तं माही भाकर कायमची बंद होईन. तिचा भाऊ नेमसिंग मागच्या साली मेला, म्हनून आज माही जीभ उचलते. तो जित्ता असता तं म्या तुमाले चहा पाजून वाटेला लावलं असतं.

सन एकोनसाठची गोष्ट हाय. मी डोंगरसिंग, इथून दोन कोसावरच्या तांड्यावरचा. आमचे आजे-पंजे बैलावर मीठ अन् धान्य लादून मुलूख हिंडले, बाप वावरात राबला, अन् म्या धा वर्षं सरकारी सडकेवर खडक फोडला. तिथंच सुरुंग लावाचं शिकलो. खडकात पहारीनं भोक पाडाचं, दारू ठासाची, वात लावाची, दोरानं वर याचं अन् कान झाकून बार मोजाचे. पाच भोकं तं पाच बार. एक जरी कमी वाजला तं दुसऱ्या दिवसापर्यंत खाली कोनी उतराचं नाई, देव आला तरी नाई. सडकेवरच्या मिस्तरीनं हे मले कान पिळून शिकवलं होतं.

सडकेचं काम सरल्यावर म्या परवाना काढला अन् सोताचा धंदा टाकला. इहीर खोदता खोदता खडक लागला का मले बलवाचं. भोकं मीच पाडनार, दारू मीच ठासनार, गिऱ्हाईकासंग मीच बोलनार. आपला हात जगन्नाथ. नाव ठेवलं जगदंबा सुरुंग कंपनी. कंपनी म्हनजे मी, एक पहार, एक घन अन् एक जुनी सायकल.

आता आली पाटी. चिंतामनीच्या देवळाकडं जाच्या रस्त्यावर उकंडा पेंटर बसे. त्यानं पत्र्यावर लाल रंगात कंपनीचं नाव काढलं, खाली माहं नाव काढलं, अन् कुंचा वर धरून मले इचारलं, "नावाखाली काय लिवू? मालक?"

"मालक नोको. मालक समोर दिसला का लोक घासाघीस करत बसते."

"मंग मिस्तरी?"

"मिस्तरी लिवलं तं पाटील लोक मले ओसरीच्या खालीच बसवतीन."

"ठेकेदार?"

"ठेकेदार म्हनलं का लोक पह्यले खिसा सांभाळते."

"मंग इंजिनियर लिवतो. दोन अक्षरं जास्तीची हायेत, पन तुह्यापासून काई घेत नाई."

"अन् सरकारनं कागद मांगतले तं तू आनून देशीन?"

म्या मॅनेजर लिवाले सांगतलं. सडकेवर एक मॅनेजर म्या पाह्यला होता. त्याले खुर्ची भेटे, चहा भेटे, अन् कोनी अंगावर धावून आलं का तो दोनी हात वर करे. म्हने, वरून हुकूम हाय, मी काय करू? साऱ्या सडकेवर तोच एक सुखी मानूस होता.

उकंडा पोट धरून हासला. "एकट्याची कंपनी अन् तिले मॅनेजर! नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. लेका, तुह्या हाताखाली कोन हाय? सायकल?"

"तुले लिवाचं तं लिव्ह," म्या म्हनलं. मले राग आला होता. मले राग लवकर येते, हे तुमाले आतापर्यंत समजलंच असन.

पाटी घेऊन तांड्यावर आलो. सारा तांडा पाहाले जमा झाला, अन् म्या पाटी वाचून दाखवली. आता आमच्या तांड्याची एक रीत सांगतो, ते नीट ऐका. नाईक म्हनजे तांड्याचा मुखिया. त्याचा शब्द चाले. अन् तो शब्द घरोघर पोचवे तो कारभारी. कारभारी सोताचं काईच बोलत नाई, नाईकाचं बोलते. म्हनून त्यानं कितीबी वाईट हुकूम आनला, तरी त्याच्यावर कोनी हात उचलत नाई. जे काई पाप असन ते नाईकाचं. हे पिढ्यानपिढ्याचं चालत आलेलं.

आमचे नाईक फुलचंद बुढे झाले होते. त्यायनं पाटीवरून हात फिरवला अन् इचारलं, "मॅनेजर म्हनजे काय रे?"

म्या सोप्पं करून सांगतलं, "कारभारी."

"मंग नाईक कोन?"

बस. एवढाच सवाल. समोर सुखीबाई होती, तिचे दोघं भाऊ होते, थोरला नेमसिंग अन् लहाना बाबुलाल. नाईकाबिगर कारभारी असते, हे तांड्यात कोनाच्याच डोक्यात शिरलं नसतं. मीच नाईक अन् मीच कारभारी म्हनलं असतं, तं पोट्टेसोट्टे वर्षभर माह्या मागं नाचले असते. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले. "शेठ हायेत," म्या म्हनलं. "नागपूरचे. इतवारीत राह्यते. घनश्याम शेठ."

ते नाव कुठून तोंडात आलं, जगदंबेले माहीत. तसा मानूस म्या जन्मात पाह्यला नव्हता. इतवारीतबी एकदाच गेलतो, लहानपनी, बापासंग.

दोन वर्षं मजेत गेले, खोटं कायले बोलू? शेठ मोठा कामाचा निंघाला. कोनी भाव पाडला का म्या म्हनो, शेठ आयकत नाई हो. पोळा-दिवाळीले कोनी बलवलं का म्या म्हनो, शेठची मनाई हाय. लोकायले शेठचा राग येई अन् माही कीव येई. बिचारा डोंगरसिंग, म्हनत, मालक लय कडक हाय त्याचा. हळूहळू शेठले चष्मा आला. काळी टोपी आली. गुडघे दुखाले लागले. म्या एवढं बोललो त्याच्याबद्दल का कधी कधी मलेच वाटे, आता नागपूरले गेलो तं भेटून याव. एका संक्रांतीले सुखीबाईनं शेठसाठी तिळाचे लाडू बांधून देल्ले. यवतमाळच्या वाटेवर एका बाभुळीखाली बसून मीच ते सारे खाल्ले.

बाबुलाल तं माह्या मागंच लागला. दोन लेकरायचा बाप होता, वावर थोडकंच, अन् अंगात ताकत. "भाऊजी, शेठले सांगून मलेबी कंपनीत लावून द्या ना," म्हने. म्या म्हनो, सांगतो, सांगतो. आता काय सांगतो? नसलेल्या शेठले? पन त्याले आस लावून ठेवाची मले सवय झाली. तो माह्या कामावर फुकट येई, मलबा काढे, पहार धरे. शेठच्या कानावर आपलं नाव जाईन, एवढंच त्याच्या मनात. अन् मले फुकटचा गडी भेटला. हे सांगतांनी मले आता सोताची शिसारी येते, पन तवा नाई आली.

एकसाठच्या उन्हाळ्यात तांड्याचीच इहीर निंघाली. पस्तीस हातावर काळा खडक लागला. नाईकानं मलेच काम देल्लं. त्याच वक्ती मुकुटबनवरून एका मोठ्या पाटलाचा निरोप आलता. तीन इहिरी, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी नाई पोचलो तं दुसऱ्याले देईन म्हने. माह्या डोक्यात नुस्तं मुकुटबन.

दुपारच्याले म्या पाच भोकं भरली, वाती लावल्या अन् वर आलो. सारा तांडा दूर उभा होता. बार उडाले. म्या मोजले, चार.

पाचवा वाजला नाई. वाट पाह्यली. काई नाई. धूर निंघून गेला, ऊन कलाले लागलं. आज खाली उतरून मलबा नाई काढला तं उद्याचा दिवस इथंच जाते, अन् मुकुटबन हातचं जाते. म्या सोतालेच समजावलं का दोन बार संगमंग उडाले असन. असं होते कधी कधी. लय कमी होते, पन होते.

"बाबुलाल, उतर," म्या म्हनलं.

त्यानं माह्याकडं पाह्यलं. "भाऊजी, चारच वाजले ना? तुम्हीच तं म्हनता, रातभर थांबा लागते."

तांडा आयकत होता. माह्या मोठेपनाले ठेच लागली का मुकुटबननं डोकं फिरलं, काय सांगू? मी वरडलो, "शेठचा हुकूम हाय! आजच्या आज मलबा निंघाला पाह्यजे!"

शेठचं नाव आयकलं अन् पोराचा चेहराच बदलला. हासला तो. धोतर खोचलं, पहार घेतली अन् दोर धरून उतरला. "शेठले सांगा, बाबुलाल उतरला म्हनून," असं इहिरीतून वरडला. म्या हो म्हनलं. मंग खाली पहारीचा दगडावर आवाज आला, एकदा, दोनदा. अन् मंग पाचवा बार वाजला.

पुढचं सांगत नाई. सांगवत नाई. नेमसिंगनं दोरानं उतरून त्याले वर आनलं. आईबाप मेल्यावर नेमसिंगनंच त्याले खांद्यावर वागवून लहानाचा मोठा केला होता. तो रडला नाई. चादर मांगतली अन् झाकलं. सुखीबाईनं असा हंबरडा फोडला का अजून माह्या कानात हाय. पोलीस आले, पंचनामा केला, अपघात लिवला अन् गेले. परवान्यावर धडधडीत माहं एकट्याचं नाव होतं. पन तांड्यात वाचनारा कोन?

पाचव्या दिवशी नसाब बसली. नसाब म्हनजे आमची पंचायत. चिचेखाली सारे मर्द गोल बसले, बाया मागं. फुलचंद नाईकानं मले मधात उभं केलं अन् म्हनलं, "डोंगरसिंग, चार बार वाजल्यावर पोराले उतरवाचा हुकूम कोनाचा होता?"

म्या तोंड उघडलं. खरं सांगतो, माहाच होता असं म्हनाले उघडलं. तवाच सुखीबाई दिसली. पदर तोंडात कोंबून माह्याकडं पाहून राह्यली होती. तिच्या भावाले म्या मारलं, हे एकदा निंघालं का ती माह्या घरात एक रात राह्यली नसती. अन् नेमसिंगनं मले जित्तं सोडलं नसतं. मरनाले भेलो मी. साधी गोष्ट हाय, भेलो.

"शेठचा," म्या म्हनलं.

नाईकानं मान हालवली. "मंग तुह्यावर दोस नाई. तू कारभारी. ज्याचा हुकूम त्याचं पाप. शेठले नसाबपुढं आन. पंधरा दिवस देल्ले."

लोकायनं मले हात धरून बसवलं. पानी पाजलं. एका बुढ्यानं माह्या पाठीवरून हात फिरवला, म्हने, परक्याची चाकरी वाईटच असते बेटा. अन् मी मान खाली घालून रडलो, तं त्यायले अजूनच दया आली.

पंधरा दिवस मी कळंब-यवतमाळ करत फिरलो. शेठ मेला असं सांगाव का? मंग त्याचे पोरं कोन, घर कुठं, तेराव्याले कोन गेलतं, साराच पसारा. शेवटी म्या एक अक्कल लढवली, अन् ह्याच अकलेनं घात केला. म्या येऊन सांगतलं का शेठ येत नाई. म्हनते, तांड्याच्या पंचायतीले मी मोजत नाई. मले वाटलं, मोठ्या मानसापुढं लोक काय करतीन? शिव्या देतीन, दोन दिवस बोलतीन अन् गप बसतीन.

नसाबीत कोनी शिवी देल्ली नाई. फुलचंद नाईक नेमसिंगकडं पाहत राह्यले अन् म्हनले, "बलवूनबी जो येत नाई, त्याच्या दारी जा लागते." नेमसिंगनं नुस्ती मान हालवली.

त्या दिवसापासून नेमसिंग रोज सांजच्याले माह्या घरी याले लागला. बसे, पानी पीये, अन् एकच गोष्ट इचारे. एक दिवस इचारलं, शेठचं दुकान कायचं हाय? म्या म्हनलं, दोर अन् लोखंडी सामानाचं. तांड्याले म्या मागंच तसं सांगून ठेवलं होतं, आता बदलवाव कसं? दुसऱ्या दिवशी इचारलं, टोपी कोनती घालते? तिसऱ्या दिवशी, दुकानात संग कोनी राह्यते का? म्या म्हनलं, एकटेच असते.

रोज तो उठून गेला का मी मनाशी म्हनो, उद्या सांगतो. उद्या खरंच सांगतो. नेमसिंग, असा मानूस नाई, तुह्या भावाले म्या उतरवलं, हे घे माहं मुंडकं. अंथरुनावर पडून शब्दन् शब्द पाठ केला होता म्या. सुखीबाई बाजूले पडून राहे. तिलेबी झोप नसे. एकदा ती आपूनच म्हनली, "तुम्ही नोका झुरू. तुम्ही काय करसान? हुकमाचे बांधलेले." सांगा आता. असं म्हनल्यावर कोनी कसं सांगाव?

मंग एक दिवस नेमसिंग आला नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी म्या सुखीबाईले इचारलं. ती चुलीपाशी होती. मागं न पाहता म्हनली, "दादा नागपूरले जाते आज. म्याच भाकर बांधून देल्ली."

मी सायकल काढली अन् अशी हानली का फाट्यावर पोचेपर्यंत तोंडाले फेस आला. पह्यली मोटर निंघून गेलती. पानवाल्यानं सांगतलं, नेमसिंग त्यातच बसला, हातात पोत्यात गुंडाळलेलं काईतरी होतं. दुसरी मोटर दोन तासानं होती. मी वाट पाहत बसलो. मोटर आली, थांबली, दार उघडलं. कंडक्टर म्हनला, "चला, नागपूर, वर्धा, नागपूर." माहा एक पाय पायरीवर होता.

अन् तिथंच माह्या डोक्यात आलं का, अरे, तू घाबरते कायले? इतवारीत घनश्याम शेठ हायेच कुठं? म्याच तं घडवला तो. नसलेला मानूस भेटन कसा? नेमसिंग दोन दिवस गल्ल्या फिरन, कोनी काई सांगनार नाई, थकन अन् वापस येईन. तोपर्यंत त्याचा रागबी उतरन. मी आता गेलो तं मले सारं सांगा लागन. नाई गेलो तं काईच होनार नाई. असं म्या मोजलं. म्या पाय खाली घेतला, कंडक्टरनं दार ओढलं, अन् मोटर गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारच्याले नेमसिंग आला. धुतलेलं धोतर, हातात काई नाई. पोतं बी नाई. सुखीबाईनं पानी देल्लं. त्यानं लोटाभर पेलं, अजून मांगतलं, तेबी पेलं.

"भेटला," तो म्हनला.

म्या इचारलं, "कोन भेटला?"

"शेठ. आधी वाटलं, भेटत नाई. दोन दिवस फिरलो. इतवारीत तीन घनश्याम शेठ निंघाले, भाऊजी. एक तं जवान होता. एकाचं कपड्याचं दुकान. तिसरा दोर इके. बुढा, चष्मा, काळी टोपी. गुडघ्यावर हात ठेवून उठे."

"तो नसन तो," म्या म्हनलं. "नेमसिंग, दुसरा कोनी असन."

"मीबी तसंच समजलो होतो. म्हनून म्या त्याले इचारलं. जगदंबा सुरुंग कंपनी तुमची का? नाई म्हने. डोंगरसिंग तुमचा मॅनेजर का? तं म्हने, कोन डोंगरसिंग? मी कोनत्याच डोंगरसिंगले ओळखत नाई बाबा." नेमसिंगनं लोटा खाली ठेवला. "तीनदा इचारलं म्या. तीनदा मौका देल्ला. तुम्ही दोन वर्षं त्याच्यासाठी हाडाचे काडं केले, अन् तो तुमाले वळखाले तयार नाई. तवा मले समजलं का, हाच. गुन्हेगारच असा आपल्या मानसाले नाकारते. मंग म्या गल्ली रिकामी होऊ देल्ली अन् पोतं सोडलं."

सुखीबाईनं हात जोडले. "बरं झालं," ती म्हनली. "माह्या बाबुलालले आता पानी पोचलं."

मी खाली बसलो. मले रडू फुटलं, आवरता आवरेना. तो बुढा खरं सांगत होता. शेवटपर्यंत तीनबी येळा खरंच सांगत होता, साऱ्या गोष्टीत तो एकटाच खरं बोलला. अन् तो मले ओळखत नव्हता.

दोघं बहीन-भाऊ माह्याकडं पाहून राह्यले. सुखीबाई जवळ आली, माह्या खांद्यावर हात ठेवला अन् रागानं नाई, समजावल्यासारखं म्हनली, "असं काहून रडता? कोन लागत होता तो तुमचा?"

"कोनी नाई," म्या म्हनलं.

"मंग?" ती म्हनली, अन् उठून दोन ताटं वाढली. एक भावाले, एक मले. नेमसिंग जेवला. अन् मीबी जेवलो, खोटं कायले सांगू.